वाऱ्यावरचं दळण आणि दोन दगडांमधली फट

प्रश्न असा आला आहे: लायडनमधली ‘डे फाल्क’ ही जुनी पवनचक्की आतून पाहिली, पण वारा कधी जोराचा तर कधी मंद असताना पीठ एकसारखं कसं पडतं ते कळलं नाही. शिवाय वारा फुकट मिळत असताना या गिरण्या बंद का पडल्या? आणि तिथे विकत मिळणाऱ्या पिठाच्या पोळ्या होतात का?

गेली बारा वर्षं मी नेदरलँड्समध्ये, दक्षिण हॉलंड प्रांतातल्या एका गावच्या धान्याच्या पवनचक्कीवर शनिवारी दळण दळते. माझी नोकरी वेगळी आहे. हे काम रीतसर शिकून, परीक्षा देऊन, स्वयंसेवक म्हणून करते. त्याआधी लहानपण गेलं ते कराड तालुक्यात वडिलांच्या पिठाच्या गिरणीत. त्यामुळे तुमचा पहिला प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं. येणारे बहुतेक पाहुणे पात्यांविषयी विचारतात, उंचीविषयी विचारतात. पिठाविषयी कोणी क्वचितच विचारतं, आणि गिरणी तर पिठासाठी बांधलेली असते.

वडिलांच्या गिरणीत पट्टा चढवून मोटर चालू केली की दगड ठरल्या गतीने फिरायचा. बाजूचं चाक थोडं आवळलं की पीठ बारीक, सैल केलं की जाडसर. ज्वारीला एकदा चाक जुळवलं की ओळीने दहा डबे तसेच निघायचे. वाऱ्यावर असं काही जुळून राहत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातलं बळ आठपट होतं. ढगाची सावली शेतावरून सरकत येते, तिच्याबरोबर एक झोत येतो, आणि आत्तापर्यंत शहाण्यासारखा चाललेला दगड धावायला लागतो. म्हणून पवनचक्कीवर दळायचं म्हणजे दोन दगडांमधली फट दिवसभर सांभाळत राहायची. वारा आपल्या हातात नसतो. फट असते, आणि धान्याची धार असते. वरची पाती, चाकं, दोऱ्या, ब्रेक हा सगळा पसारा या दोन गोष्टी हातात राहाव्यात म्हणून आहे.

आमच्या सातारा जिल्ह्यात पवनचक्की म्हटलं की चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारावरची वीज करणारी पाती डोळ्यांपुढे येतात. आणि डच पवनचक्की म्हटलं की सरसकट पिठाची गिरणी समजली जाते. तसं नाही. किंडरडाइकच्या ज्या १९ चक्क्या सगळ्यांनी फोटोत पाहिलेल्या असतात आणि ज्या १९९७ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्या पाणी उपसायला बांधलेल्या आहेत. ॲमस्टरडॅमजवळच्या झान्से स्खान्सला एक चक्की रंगाची पूड करते, एक तेलबियांचं तेल काढते, एक ओंडके चिरते. स्खीडाम शहरातल्या चक्क्या जेनेव्हर या दारूच्या भट्ट्यांसाठी माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, दळायच्या. त्यातली १८०३ ची ‘डे नोर्ड’ टोपीपर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या फिरत्या छपरापर्यंत, ३३ मीटर उंच आहे, म्हणजे जवळजवळ दहा मजले. ही उंची हौसेची नव्हे. आजूबाजूच्या गोदामांवरून आणि घरांवरून वारा मिळायला हवा होता. शहरातली चक्की म्हणूनच उंच असते आणि तिच्या कमरेभोवती लाकडी सज्जा असतो, कारण जमिनीवरून पात्यांपर्यंत हात पोचत नाही.

तुम्ही पाहिलेली डे फाल्क, म्हणजे ‘ससाणा’, याच जातीची. त्या जागेवर १६११ पासून लाकडी चक्की होती. आजची विटांची, सात मजली चक्की १७४३ ची. तळाशी मालकाचं बिऱ्हाड, वर गिरणी. तिथला शेवटचा गिरणीवाला १९६४ साली वारला आणि १९६६ पासून तिचं संग्रहालय झालं. लायडन हे गिरणीवाल्यांचं जुनं शहर आहे. चित्रकार रेम्ब्रांट तिथल्याच एका माल्ट दळणाऱ्या गिरणीवाल्याचा मुलगा.

आता सकाळी मी सज्ज्यावर येते तिथपासून सांगते. आधी आभाळ बघायचं, पश्चिमेचं जास्त. मग विजेपासून रक्षणासाठी पात्याला अडकवलेली तार काढायची आणि टोपी वाऱ्याकडे वळवायची. चक्कीची टोपी पात्यांसकट फिरते. टोपीच्या मागून सज्ज्यापर्यंत उतरलेल्या लाकडी दांड्यांना शेपूट म्हणतात. शेपटाच्या टोकाला रहाट असतो. त्याची साखळी सज्ज्यावरच्या खुंट्याला अडकवायची आणि सगळं अंग टाकून चाक फिरवायचं. कित्येक टनांचं ओझं एका माणसाच्या बळावर कुरकुरत सरकतं. हे चुकवून चालत नाही. पाठीमागून वारा आला तर पाती उलटी फिरू पाहतात, आणि ब्रेक धड धरतो तो एकाच दिशेला. टोपी वळवल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही, हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं गेलं.

मग शिडं. एकेक पातं खाली आणून ब्रेक लावायचा, पात्याच्या लाकडी जाळीवर शिडीसारखं चढायचं, गुंडाळलेलं शीड सोडायचं, ताणायचं, दोऱ्या बांधायच्या. चार पात्यांना चार वेळा. वारा मंद असला तर चारही पूर्ण, जास्त असला तर अर्धी, त्याहून जास्त असला तर दोनच. सोसाट्याचा असला तर एकही नाही, नुसत्या जाळीवर पाती फिरतात. डच गिरणीवाले याला ‘उघडे पाय’ म्हणतात. अडचण अशी की चढवलेलं शीड चालू चक्कीवर उतरवता येत नाही. त्यासाठी चक्की थांबवावीच लागते. म्हणजे सकाळी आभाळ बघून घेतलेला निर्णय पुढचे दोन-तीन तास अंगावर असतो.

वेग मोजायला घड्याळ आणि डोळे पुरतात. सज्ज्यावर उभं राहून मिनिटाला किती पात्यांची टोकं समोरून गेली ते मोजायचं. या मोजणीला ‘एंडन’ म्हणतात. ६० एंडन म्हणजे सेकंदाला एक पातं, मिनिटाला १५ फेरे. दळायला ६० ते ८० एंडन बरे. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण २४ मीटर व्यासाचा पात्यांचा घेर ८० एंडनने फिरत असेल तर टोक ताशी ९० किलोमीटरने आपल्यासमोरून जातं, आणि त्याचा आवाज कानाला येतो तो कोणीतरी मोठी चादर झटकत असल्यासारखा. सज्ज्यावर बांधलेली दोरी ओलांडू नका, असं मी प्रत्येकाला सांगते, त्यात कधी कंटाळा करत नाही. तुम्हीही कुठल्या चक्कीवर गेलात तर मुलांचा हात सोडू नका.

आत टोपीतल्या आडव्या आसावर मोठं दातेरी चाक आहे. ते मधल्या उभ्या खांबाला फिरवतं, खांब खालच्या आणखी एका चाकाला आणि ते चाक दगडाच्या दांड्याला. पात्यांच्या एका फेऱ्यात दगडाचे सहाच्या आसपास फेरे होतात. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल तर तिथे हा व्याप नाही. पाण्याचं चाकच आडवं असल्याने वरचा दगड त्याच्याबरोबर फिरतो. इथे आडव्या आसाची गती उभी करायची, वाढवायची आणि हवी तेव्हा तोडायची. चाकांचे दाते लाकडाचे, त्यांना मधमाश्यांचं मेण चोळायचं. आसाची मान ज्या दगडी खोबणीत फिरते तिथे डुकराची चरबी. शेकडो वर्षांपासून हेच चालतं, कारण लाकडाला लाकूड घासताना यापेक्षा शांत काही राहत नाही. पोतं वर न्यायलाही वाराच. साखळी अडकवून दोरी ओढली की पोतं निघतं. मजल्यामजल्याला दोन फळ्यांची झडप असते, पोत्याने खालून धडक दिली की उघडते आणि पोतं गेलं की आपल्याच वजनाने मिटते.

दगड मात्र अगदी ओळखीचे आहेत. आपल्या जात्यासारखेच आडवे, खालचा स्थिर आणि वरचा फिरता. फरक मापाचा. आमचे दगड दीड मीटर व्यासाचे आहेत आणि वरच्याचं वजन टनाच्या पुढे जातं. जात्यात आपण मुठीने वैरण घालतो. इथे पेरणीच्या चाड्यासारखी, पण खूप मोठी लाकडी पेटी असते आणि तिच्याखाली एक उतरती पन्हळ. दगडाला फिरवणारा लोखंडी दांडा चौकोनी असतो. फिरताना त्याचे चार कोपरे पन्हळीला टकटक धडका देतात आणि दर धडकेला थोडे दाणे दगडाच्या तोंडात पडतात. दगड जोरात फिरला की धडका जास्त, म्हणून दाणे जास्त. हळू झाला की दाणे कमी. वाऱ्याला जेवढं झेपतं तेवढंच धान्य त्याच्यापुढे येतं. सगळ्या चक्कीत मला सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे. तिच्याजवळ मी नुसती ऐकत उभी राहू शकते.

धान्याची धार अशी आपोआप जमते, फट जमत नाही. दगडाचा वेग वाढला की वरचा दगड धान्यावर तरंगू पाहतो, दाणे लवकर बाहेर फेकले जातात आणि पीठ भरड पडतं. वेग उतरला की दगड खाली बसतो, पीठ नको इतकं चिरडलं जातं आणि गरम होतं. म्हणून वारा वाढला की फट कमी करायची, वारा पडला की वाढवायची. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं. जोरात चाललंय तर सैल सोडावं असंच मन सांगतं. पण फट कमी केली की पीठ बारीक राहतं, आणि दगडावर ओझं पडल्याने वर पात्यांनाही लगाम बसतो.

ही फट डोळ्यांनी दिसत नाही. कडेला कागद सरकेल न सरकेल एवढी. मध्याकडे थोडी जास्त, म्हणजे दाणा आत शिरतो, फुटतो आणि कडेकडे जाता जाता बारीक होतो. टनभराचा दगड इतक्या बारकाईने वर-खाली करायला एकीला एक जोडलेल्या तरफा आहेत. खालच्या मजल्यावरची दोरी वीतभर ओढली तर दगड केसभर हलतो. बऱ्याच चक्क्यांत दोन लोखंडी गोळ्यांचा नियामकही असतो. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि दगड थोडा खाली उतरतो. त्याची मदत मोठी आहे. पण पोतं बदललं, गहू जरा दमट आला, तर ते त्याला समजत नाही.

ते समजतं अंगठ्याला. मी उभी असते दगडांच्या खालच्या मजल्यावर. लाकडी नळातून पीठ पोत्यात पडत असतं. मिनिटा-दोन मिनिटांनी हात नळाखाली धरायचा, पीठ घ्यायचं आणि अंगठा तर्जनीवरून पुढे सरकवायचा. कोंडा चपटा, पातळ, मऊ लागला पाहिजे. टोचला तर फट जास्त आहे. पीठ मेणचट लागलं, तळव्याला ऊन लागलं, तर फट कमी आहे किंवा धान्यात ओल आहे. धान्यात १५ टक्क्यांच्या वर ओल असली तर आम्ही ते दगडावर घेतच नाही, कारण दगडाच्या खाचा पिठाने लिंपून जातात. वडील चक्कीच्या तोंडाशी नेमकी हीच हालचाल करायचे. शिकायला आले त्या पहिल्या दिवशी म्हाताऱ्या गिरणीवाल्याने ती मला करून दाखवली. मी पीठ चिमटीत घेतलं आणि म्हणाले, ‘जाड आहे.’ तो काही बोलला नाही. दोरी अर्धी वीत ओढली, पुन्हा हात नळाखाली धरला आणि मान हलवली.

कानही तितकाच लागतो. भरलेला दगड खर्जात घुमतो. धान्य कमी झालं की आवाज पातळ होतो. दगड रिकामा फिरू द्यायचा नाही, हा इथला सगळ्यात कडक नियम. दगडाला दगड लागला की पिठात कचकच येते आणि ठिणगी उडते. हवेत पिठाची धूळ असताना ठिणगी काय करते, हे गिरणीत वाढलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. म्हणून धान्याच्या पेटीत एक पट्टा धान्याखाली दाबून ठेवलेला असतो. धान्य उतरलं की पट्टा सुटतो आणि घंटी वाजते.

दगडाला टाकीही लावावी लागते. आमच्याकडचे जुने दगड जर्मनीतल्या आयफेल भागातल्या ज्वालामुखीच्या दगडाचे आहेत, निळसर करड्या रंगाचे, बारीक छिद्रांचे. वरच्या दगडाच्या कडेला भोकं असतात. त्यात खिळी घालून लाकडी यारीने दगड उचलायचा आणि हवेतच उलटा करायचा. तेवढा वेळ कोणी बोलत नाही. मग लाल रंग लावलेली सरळ पट्टी दगडावरून फिरवायची. जिथे रंग लागला तिथे दगड उंच आहे, तो आधी उतरवायचा. त्यानंतर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या खाचा छिन्नीसारख्या हातोड्याने पुन्हा खोल करायच्या. एका दगडावर दुसरा ठेवला की दोन्हींवरच्या खाचा एकमेकींना कात्रीसारख्या छेदतात. दाणा कापला जातो तो त्यानेच, आणि त्याच खाचांतून हवा खेळते म्हणून पीठ थंड राहतं. लहानपणी आमच्या गल्लीत जात्याला, पाट्याला टाकी लावून देणारे यायचे. तो टक्‌टक्‌ आवाज इथे पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हातातलं काम सोडून वर गेले होते.

वारा अंगावर आला तर काय होतं, हेही सांगते, कारण फटीचं महत्त्व मला त्या दिवशी पटलं. शिकत होते तेव्हाची गोष्ट, जुलैची दुपार. पश्चिमेला करडी रेघ दिसत होती. शेवटचं पोतं उरलं होतं, ते संपवून थांबू असं मला वाटलं. वारा एकदम पडला. पाती मंदावली, आणि मला हायसं वाटलं. ते चुकलं होतं, कारण वादळी सरीच्या आधी वारा असा दम धरतो. दोन-तीन मिनिटांनी सर आली आणि पाती ११० एंडनच्या पुढे गेली. सगळी इमारत पायाखाली थरथरायला लागली. मी ब्रेकची दोरी धरली. माझ्या शिक्षकाने माझा हात दोरीवरून काढला. ब्रेक म्हणजे टोपीतल्या मोठ्या चाकाभोवतीचे लाकडी ठोकळे. त्या वेगात ते नुसते घासत राहिले तर चाक थांबत नाही, पेटतं. चक्क्या अशाच जळालेल्या आहेत. तो म्हणाला, ‘धान्य सोड, दगड खाली घे.’ मी खाली पळाले, पन्हळ पूर्ण सोडली, फट कमी केली. दगडाचा आवाज जड झाला. तो वर झोत ओसरायची वाट बघत उभा होता. ओसरताच त्याने ब्रेक हळूहळू उतरवला. चक्की थांबली तेव्हा टोपीत करपलेल्या लाकडाचा वास भरला होता. त्या पोत्यातलं पीठ आम्ही विकलं नाही. आता करडी रेघ दिसली की मी थांबते, पोतं अर्धं असलं तरी.

थांबलेल्या चक्कीचीही इथे एक भाषा आहे. थोड्या विश्रांतीला पाती अधिकच्या चिन्हासारखी उभी-आडवी ठेवतात, जास्त दिवसांसाठी तिरकी, गुणिले चिन्हासारखी. घरात लग्न असलं, मूल झालं, तर वरचं पातं माथ्यावर पोचायच्या थोडं आधी थांबवतात: येणारं पातं, आनंदाचं. कोणी गेलं असेल तर माथा ओलांडून थोडं पुढे: जाणारं पातं. जुलै २०१४ मध्ये युक्रेनवर मलेशियाचं विमान पाडलं गेलं, त्यात बहुसंख्य प्रवासी डच होते. २३ जुलैला देशभर दुखवटा होता, आणि त्या दिवशी ठिकठिकाणच्या चक्क्यांची पाती अशी माथा ओलांडून थांबवलेली होती.

आता, वारा फुकट असताना चक्क्या बंद का पडल्या. पहिली गोष्ट, वारा फुकट कधीच नव्हता. जुन्या काळी वाऱ्यावरही सरदाराचा हक्क असे. चक्की उभारायची तर त्याची परवानगी घ्यायची आणि दरसाल वाऱ्याचा फाळा भरायचा. पुष्कळ ठिकाणी गावकऱ्यांना ठरलेल्या चक्कीवरच दळण न्यावं लागे. अठराव्या शतकाच्या शेवटी हे सरंजामी हक्क गेले, तरी दळणावरचा सरकारी कर १८५५ पर्यंत राहिला. भाकरीवरचाच कर तो. त्यामुळे चक्कीवर सरकारी माणसांची सतत नजर असायची.

खरं कारण मात्र वेगळं आहे. बेकरीवाल्याला रोज पहाटे पीठ लागतं आणि वारा तसा शब्द देत नाही. वाफेचं इंजिन देतं. चांगल्या वाऱ्यात दगडांची एक जोडी तासाला शंभर-दोनशे किलो दळते, पण वारा नसला तर आठवडाभर काही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या देशात नऊ-दहा हजार पवनचक्क्या होत्या. मग वाफेच्या गिरण्या आल्या, त्यानंतर दगडांऐवजी लोखंडी रोलर असलेल्या. रोलरवर कोंडा आणि अंकुर वेगळे काढता येतात, पीठ पांढरंशुभ्र निघतं आणि महिनोन्‌महिने टिकतं. अमेरिकेचा स्वस्त गहू जहाजांनी बंदरात येऊ लागला आणि मोठ्या गिरण्या तिथेच उभ्या राहिल्या. गावच्या चक्क्या गुरांचं खाद्य भरडून कशाबशा तगल्या. पुढे विजेच्या मोटरने तेही काम घेतलं. दुसऱ्या महायुद्धात इंधन मिळेनासं झालं तेव्हा उरलेल्या चक्क्यांनी पुन्हा माणसांसाठी दळलं.

आज सुमारे बाराशे उरल्या आहेत, त्याही आपोआप उरलेल्या नाहीत. १९२३ साली ‘डे होलंडसे मोलन’ ही संस्था चक्क्या पाडल्या जाऊ नयेत म्हणून निघाली. इमारती वाचायला लागल्या, पण चालवणारे म्हातारे होत चालले होते. न फिरणारी चक्की आतून कुजते, लाकडाला कीड लागते, टोपी जागेवर बसते. म्हणून १९७२ साली स्वयंसेवक गिरणीवाल्यांचा संघ झाला. मी शिकले ती त्याच परंपरेत. शिक्षण चारही ऋतूंत घ्यावं लागतं, कारण नोव्हेंबरचा वारा आणि मे महिन्याचा वारा हे दोन वेगळे विषय आहेत. २०१७ साली गिरणीवाल्याच्या या कारागिरीला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. इमारतीला मान मिळणं सोपं असतं. इथे हाताला मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. धान्य नसेल तेव्हाही आम्ही चक्की नुसती फिरवतो. त्याला ‘राजपुत्रासाठी फिरवणं’ म्हणतात.

राहिल्या पोळ्या. होतात, पण पिठाला समजून घ्यावं लागतं. युरोपच्या या भागातला गहू आपल्या लोकवन-शरबतीसारखा नाही. पीठ कोंड्यासकट असतं आणि दळण जाडसर, कारण ते पावासाठी दळलेलं असतं. पुडीतून तसंच मळलं तर पोळीच्या कडा फाटतात. मी मैद्याच्या चाळणीने नाही, रव्याच्या चाळणीने एकदा चाळते, म्हणजे मोठा कोंडाच निघतो. कोमट पाण्याने नेहमीपेक्षा थोडं सैल मळते आणि तासभर झाकून ठेवते. कोंडा पाणी पितो, मग कणीक आपोआप आवळते. अशी पोळी तव्यावर टाकली की जो वास येतो तो दुकानातल्या आट्याला येत नाही.

‘आपली ज्वारी नेऊन दळून मिळेल का’ असंही बरेच मराठी लोक विचारतात. मी करून पाहिलं आहे. पाच किलो ज्वारी नेली आणि जेमतेम निम्मी परत आली. दीड मीटरच्या दगडाच्या खाचांत आणि भोवतीच्या लाकडी कडीत तेवढं पीठ अडकूनच राहतं, आणि जे निघतं त्यात आधीच्या गव्हाचा वाटा असतो. उपवासाचं दळण आणलं की आपला गिरणीवाला आधी दगड साफ करतो, तसं इथे करायचं तर दगड उचलावा लागेल. म्हणून चक्कीवर जे दळलं जातं तेच घ्या: गहू, राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य), स्पेल्ट (गव्हाचाच एक जुना प्रकार), कुठे कुठे बकव्हीट म्हणजे आपला कुट्टू. राय धान्याचं पीठ ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा घातलं तर भाकरी चांगली होते, थोडी काळपट दिसते एवढंच.

पुन्हा इकडे येणार असाल तर मे महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार धरा. त्या दोन दिवशी देशभरच्या चक्क्या लोकांसाठी उघड्या असतात. एरवीही पाती फिरत असली आणि निळी पताका लावलेली दिसली तर खुशाल आत या. वर चढण्याआधी पिठाच्या मजल्यावर थांबा, गिरणीवाल्याला विचारा आणि नळाखाली हात धरा. पीठ विकत घेतलंत तर अंकुर आणि त्याचं तेल त्यातच असतं हे लक्षात ठेवा: घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये, आणि दीड-दोन महिन्यांत संपवायचं.